आक्कांना विचारलं का?

आक्का माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य असं होतं : "ह्यो शर्ट मेलेल्या मानसाचा हाय व्हय रं?"

मी खोली बघायला आलो होतो. कासारवाडीच्या जुन्या गावठाणात, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर त्यांची तीन मजली इमारत होती आणि तिच्या खालच्या पायरीवर त्या ठाण मांडून बसल्या होत्या. मी परभणीचा. चाकणच्या एका कंपनीत नुकताच लागलो होतो आणि घरमालकिणीवर छाप पडावी म्हणून सेलमधून घेतलेला कोराकरकरीत शर्ट घालून आलो होतो. आक्कांनी माझी बाही चिमटीत धरली, चोळली आणि हा निकाल दिला. शेजारी माझी बायको मीना उभी होती. तिला हसू आवरेना.

"नवाय तो, आक्का," मी कसंबसं म्हणालो.

"आसंल. पन कापडात जीव न्हाई. दुसऱ्या धुन्यात बोळा व्हईल. खोली घे, पन ह्यो घालून माज्याम्होरं येऊ नगंस."

खोली मिळाली. शर्टाचा खरंच बोळा झाला, पण दुसऱ्या नव्हे, तिसऱ्या धुण्यात. हे मी त्यांना मुद्दाम जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीनानं हळू धुतला आसंल."

भाडेकरूंना त्या नावानं कधी हाक मारत नसत. ज्याचा जो जिल्हा ते त्याचं नाव. तळमजल्यावर सांगली राहायची, वर लातूर, आमच्या समोर रत्नागिरी. मी परभणी. "ये परभणी, तुज्या नळाला पानी आलं का?" अशी हाक जिन्यातून यायची. त्यांचा स्वतःचा जिल्हा पायाखालीच होता. पिढ्यान् पिढ्या तिथली शेती केलेलं घर. शेतं कारखान्यांच्या आणि रस्त्यांच्या खाली गेली, मग खोल्या बांधल्या, आणि ज्या बाईनं जन्मभर बाजरीची कणसं बघून पीक कसं येणार ते सांगितलं ती आता मिक्सर, मंत्री, मेट्रो असं जे समोर येईल त्याबद्दल सांगू लागली.

आणि माणसं विचारायची. हेच मला सुरुवातीला कळत नसे. फ्रीज घ्यायचा, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, गावाला जायला एसटी बरी की ट्रॅव्हल्स, आपल्या साहेबाला दिवाळीत मिठाई द्यावी की नाही, सगळं आधी पायरीवर जायचं. घरात नवराबायकोत काही ठरत आलं की दुसऱ्यानं हमखास म्हणायचं, "आक्कांना विचारलं का?" त्यांचं मत बरोबर निघायचं म्हणून विचारायचे असंही नाही. कितीतरी वेळा ते साफ चुकायचं. पण त्या तोंड बघून मत देत नसत, आणि असं माणूस आमच्या आख्ख्या आळीत दुसरं नव्हतं. कंपनीत सुपरवायझरपासून मॅनेजरपर्यंत सगळे गुळमुळीत बोलणारे. दिवसभर तसलं ऐकून आल्यावर संध्याकाळी आक्कांचा एक फटका खाल्ला की डोकं जाग्यावर यायचं.

खरेदीबद्दल त्यांचा एकच कायदा होता : ज्या दुकानात भांडायला माणूस नाही तिथं पाऊल टाकू नये. सांगलीच्या बायकोनं एकदा त्यांना मॉलमध्ये नेलं. आक्का आख्खा मॉल फिरल्या, फिरत्या जिन्यावर दोनदा वरखाली केलं, आणि एका कुर्त्यावरची किमतीची चिठ्ठी वाचून घेतल्यावर तिथल्या पोरीला म्हणाल्या, "ह्ये कुनी ठरवलं? बोलव त्येला." पोरगी बिचारी म्हणाली, ते मुंबईला असतात. "मंग मुंबईलाच घालू दे की त्येला," म्हणून आक्का बाहेर.

ऑनलाइन पार्सलवाल्यांना तर त्यांचा धसकाच बसला होता. आम्ही सगळे शिफ्टवाले. दुपारी बहुतेक घरं बंद. पार्सलं पायरीवर आक्काच घेत. घेताना खोकं हातावर तोलायचं, कानाशी नेऊन हलवायचं, आणि मन भरलं तरच ठेवून घ्यायचं. एकदा मी कंपनीतून आलो तर मोबाइलवर निरोप : पार्सल परत गेलं. आक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "लई हलकं व्हतं. फसवलं तुला. दिलं परत धाडून."

"आक्का, उशा होत्या त्यात!"

त्या म्हणाल्या, "उश्या काय पोस्टानं मागवत्यात व्हय? डोकं तुजं, आन उशी लोकांनी निवडायची?" मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी त्यांच्याबरोबर शनिवारच्या बाजारात जाऊन कापूस घेऊन आलो. त्या उशा इतक्या कडक झाल्या की मीनाची मान महिनाभर धरली होती.

प्रवासाचंही असंच. मेट्रो सुरू झाली तेव्हा महिनाभर त्यांनी तिला नावं ठेवली. मग एक दिवस एकट्याच बसून आल्या. कशी वाटली म्हणून आम्ही सगळे जिन्यात गोळा. "गार हाय," त्या म्हणाल्या. "पन कोन कुनाशी बोलत न्हाई. येवढी मानसं येका डब्यात, आन येकानं इचारलं न्हाई, आक्का कुटं निगालाव. मयतीला तरी बोलत्यात." तरीही पुढं गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायला त्या मेट्रोनंच जायच्या, आणि शेजारच्या माणसाचा मोबाइल बोटानं खाली करून त्याला त्याचा जिल्हा विचारायच्या.

बातम्या त्या आवाज बंद करून बघत. "समदी येकदम बोलत्यात. तोंडं बघितली तरी कळतं." एकदा दुपारी पडद्यावर सगळ्यांचे चेहरे पडलेले, एका मंत्र्याचा फोटो मोठा करून दाखवताहेत, गाड्यांचा ताफा चाललाय. आक्कांनी पायरीवर येऊन जाहीर केलं, ह्यो गेला. लातूरनं हळहळून कपाळाला हात लावला. सांगलीच्या घरी पाहुण्यांसाठी गोडाचं चाललं होतं ते त्यांनी थांबवलं. मी सेकंड शिफ्टला निघालेला. कंपनीच्या बसमध्ये मीही ती बातमी सांगितली आणि बसमधल्या एकानं मोबाइल काढून दाखवलं की गृहस्थ ठणठणीत आहेत, त्यांनी फक्त पक्ष बदललाय. माझी जी शोभा झाली ती झालीच. घरी येऊन आक्कांना सांगितलं तर त्यांना काडीचं वाईट वाटलं नाही. "मंग येकच झालं की," म्हणाल्या आणि शेंगा फोडत राहिल्या.

राजकारणातलं त्यांचं वागणं तर मला पचायचंच नाही. आमच्याकडे निवडणूक जवळ आली की इच्छुक मंडळी बायकांना देवदर्शनाला नेतात. बस, नाष्टा, जेवण, वर एखादी साडी. आक्का सगळ्यांच्या बसमध्ये जायच्या. ज्यांचे फ्लेक्स बघून "जित्या मानसाला हार घालून टांगलंय, मला तर श्रद्धांजलीच वाटली" म्हणायच्या, त्यांच्याही. मी एकदा धीर करून विचारलं, हे बरं दिसतं का? "देवाला पक्ष हाय व्हय?" त्या उसळल्या. "आन बसमधी गेल्याबिगर मानूस कळायचा कसा? त्या फलान्याच्या यात्रेत भात कच्चा व्हता. ज्येला पन्नास बायकांचा भात शिजवून घेता येत न्हाई, त्येला वॉर्ड काय झेपनार?" तो फलाना मोठा वजनदार माणूस होता आणि त्याची माणसं आळीत सगळीकडे होती. आक्का हे भर चौकात, खणखणीत आवाजात बोलल्या. मी तिथून हळूच सटकलो.

आणि अशा बाईच्या मुलानं निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं.

दत्ताभाऊ आक्कांचा एकुलता एक. पंचेचाळिशीचा, गोरा, थोडा स्थूल, बोलायला मऊ. त्याच्यावर माझा जीव होता हे आधीच सांगून टाकतो. माझ्या मुलीला डेंग्यू झाला तेव्हा गाडी काढून तो आम्हाला दवाखान्यात घेऊन गेला आणि तिला पलंग मिळेपर्यंत तिथून हलला नाही. आळीत कुणाकडे मयत असो की बारसं, दत्ताभाऊ हजर. माणसाला नाही म्हणणं हे त्याच्या रक्तातच नव्हतं.

पण हेच त्याचं दुखणंही होतं. आळीच्या टोकाला जुन्या विहिरीजवळ महापालिकेची एक मोकळी जागा आहे. तरुण मंडळाची पोरं आली, भाऊ, तिथं जिम करा. दत्ताभाऊ म्हणाला, झालंच समजा. भजनी मंडळाची म्हातारी माणसं आली, त्यांना तिथंच सभामंडप दिला. आम्ही भाडेकरू गाड्या लावायला जागा नाही म्हणून गेलो, तर आमच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "परभणी, तुमचं पार्किंग तिथंच." तिघंही खूश होऊन परतलो. मग एका रविवारी पोरं डंबेल्स घेऊन, म्हातारे टाळ घेऊन आणि आम्ही मोटरसायकली घेऊन एकाच वेळी त्या जागेवर पोहोचलो. टाळ आणि डंबेल्स दोन्ही उचलले गेले, असं म्हणतो आणि पुढचं सोडून देतो. दत्ताभाऊ धावत आला, तिघांची समजूत काढली आणि जाताना पुन्हा तिघांनाही हो म्हणून गेला. आक्का पायरीवरून सगळं बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी काहीच मत दिलं नाही.

तिकीट मिळालं तेव्हा आळीत फटाके वाजले. आक्कांनी मुलाला ओवाळलं, पेढा भरवला. दत्ताभाऊनं पाया पडून आशीर्वाद घेतला आणि कार्यकर्त्यांच्या गराड्यात निघून गेला.

त्यानंही बायकांची यात्रा काढलीच. जेजुरीला. खंडोबा त्यांच्या घराण्याचं कुलदैवत. मीनाही गेली होती आणि पुढचं सगळं मला तिनंच सांगितलं. आक्कांचा गुडघा धरला म्हणून त्या गडावर चढल्या नाहीत, खाली एका दुकानात भंडाऱ्याची हळद खोटी आहे यावर दुकानदाराशी वाद घालत बसल्या. वर दर्शन झाल्यावर दत्ताभाऊच्या एका मित्रानं भंडाऱ्याचं ताट पुढं केलं. भंडारा उचलून शब्द द्या, मत दत्ताभाऊलाच. आमच्याकडे भंडारा उचलणं म्हणजे साधी गोष्ट नाही. उचललेला शब्द मोडला तर देव घरात शिरून जाब विचारतो असं मानणाऱ्या बाया त्या. सगळ्या मागं सरल्या. उगाच आपल्या लेकराबाळांच्या डोक्यावर कशाला घ्या, अशी कुजबुज सुरू झाली.

तेव्हा त्या मित्राला युक्ती सुचली. म्हणाला, "बरं, असं करा. आक्का सांगतील तसं मत देऊ, एवढाच भंडारा उचला."

बायकांना हायसं वाटलं. नाहीतरी आपण सगळं आक्कांना विचारूनच करतो! एकेकीनं पुढं होऊन चिमूटभर भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि शब्द दिला. मीनानंही. दत्ताभाऊ हात जोडून उभा होता आणि त्याचा चेहरा नुसता फुलला होता, असं मीना म्हणाली. त्याला वाटलं, आता काय, आईच्या हातात म्हणजे आपल्याच हातात.

परतीच्या बसमध्ये रत्नागिरीच्या ताईंनी आक्कांना हे कौतुकानं सांगितलं. आक्कांचा पेरू खाता खाता हात थांबला. "माज्या शब्दाचा भंडारा?" त्यांनी विचारलं. "खंडोबाम्होरं? मला न इचारता?" मग घर येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बायकांनी गाणी म्हणून बस डोक्यावर घेतली होती, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मीनाच्या आलं. घरी येऊन ती मला म्हणाली, "काहीतरी बिनसलंय बघा. आक्कांनी आज जेवणाला नावं ठेवली नाहीत."

प्रचाराची शेवटची कोपरासभा आमच्या आळीतल्या देवळासमोर झाली. माझी सुट्टी होती, मीही गेलो. मोठे पुढारी बोलून गेले. शेवटी दत्ताभाऊनं माइक हातात घेतला. "मी जास्त बोलणार नाही. माझी आई बोलेल," म्हणाला आणि स्वतः खाली उतरून आक्कांना हात धरून स्टेजवर घेऊन गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतून रत्नागिरीच्या ताई ओरडल्या, "आक्का, आम्ही भंडारा उचललाय. तुम्ही सांगा फक्त!"

आक्कांनी माइककडे संशयानं पाहिलं. मग बोलल्या.

"मला भाषन येत न्हाई. पन तुमी माज्या शब्दावं भंडारा उचललाय, तवा मला सांगायलाच लागंल. दत्ता माजा पोरगा हाय. दारू पीत न्हाई, कुनाचं वाईट चिंतत न्हाई. शेजारी म्हनून आसा मानूस तुमाला गावायचा न्हाई."

टाळ्या पडल्या. दत्ताभाऊनं मान खाली घातली, डोळे पुसले.

"पन त्येला मत देऊ नका."

टाळ्या वाजवणारे हात तसेच हवेत राहिले. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी मीनाकडे पाहिलं, तिचं तोंड उघडंच होतं.

"त्येला न्हाई म्हनता येत न्हाई," आक्का शर्टाबद्दल बोलाव्यात तितक्याच सरळ आवाजात सांगत होत्या. "हिरीजवळची येक जागा त्यानं तिगास्नी दिली, तुमी समद्यांनी बगितलंय. आज पोरास्नी व्हय म्हनला, उद्या बिल्डराला बी व्हय म्हनंल. वाईटपनानं न्हाई, भिडंनं. भिडंचा मानूस घरात आसावा, खुर्चीत नसावा. मंग मत कुनाला द्यायचं, त्ये तुमचं तुमी बगा. त्यो दुसरा कच्चा भात घालतो, त्ये मी आदीच सांगितलंय. दत्ताला नगं, येवडाच माजा शब्द."

माइक दत्ताभाऊच्या हातात देऊन त्या स्वतःच्या पायांनी स्टेजवरून उतरल्या. कुणी हात द्यायला पुढं झालं नाही. दत्ताभाऊ हसला. "आईची गंमत करायची सवय तुम्हाला माहितेय," असं काहीतरी म्हणाला आणि कार्यकर्त्यांनी घाईघाईनं गाणं लावून दिलं.

मला आक्कांचा राग आला. खूप राग आला. ज्यानं माझ्या लेकीला दवाखान्यात नेलं त्याला भर सभेत त्याच्या आईनंच असं उताणं पाडावं? खरं बोलायला काही जागा, काही वेळ असते की नाही? दुसऱ्या दिवशी दत्ताभाऊची माणसं येऊन आक्कांना विनवून गेली, एवढंच म्हणा की गंमत केली. आक्का म्हणाल्या, "इचारलं तर परत त्येच सांगन. इचारू नका." मग पक्षाचा एक मोठा माणूस येऊन चिडून बोलून गेला. आक्कांनी त्याला चहा दिला. दत्ताभाऊ मात्र घरी आलाच नाही, तो प्रचाराच्या ऑफिसातच झोपायचा. आमच्या इमारतीतल्या बायकांची अवस्था तर बघवत नव्हती. सगळ्यांना दत्ताभाऊला मत द्यायचं होतं आणि सगळ्यांनी भंडारा उचलला होता. सांगलीची बायको मीनाजवळ रडली. मीना मला म्हणाली, "तुम्ही द्या त्यांना. तुम्ही कुठं उचललाय?" मी दिलं.

मतदानाच्या दिवशी आक्कांना शाळेतल्या केंद्रावर मीच स्कूटरवरून नेलं. रागात होतो तरी नेलं, त्यांचा गुडघा सुजला होता. जाताना येताना त्यांनी रस्त्यावरच्या एकाही दुकानाला नाव ठेवलं नाही.

दत्ताभाऊ पडला. फार थोड्या मतांनी पडला आणि कच्च्या भाताचा निवडून आला. आक्कांचं मत चूक होतं की बरोबर, हे मला आजही सांगता येणार नाही. विहिरीजवळच्या जागेवर आता त्या निवडून आलेल्याच्या मेव्हण्याची गाड्या धुण्याची टपरी आहे.

निकालाच्या दुपारी मी शिफ्टला जायच्या तयारीत खाली उतरलो. त्याच आठवड्यात आम्ही चाकणला स्वतःच्या फ्लॅटमध्ये जाणार होतो. जिन्यात आमची बांधलेली खोकी पडली होती. अंगणात इमारतीतल्या सगळ्या बाया आक्कांभोवती बसलेल्या, कुणाच्या घरी माणूस गेल्यावर बसतात तशा. तेवढ्यात फाटक वाजलं आणि दत्ताभाऊ आत आला. एकटाच. पांढऱ्या कपड्यांवर गुलालाचा कण नव्हता, दाढी वाढलेली. तो सरळ आईसमोर येऊन उभा राहिला.

"आई, एकच सांग," तो म्हणाला. "बाकीच्यांचं जाऊ दे. तू स्वतः तरी मला दिलंस का?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. आक्का खोटं बोलणार नाहीत हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते उत्तर त्या माणसानं आमच्यादेखत ऐकावं हे मला सहन होत नव्हतं.

"दिलं की," आक्का म्हणाल्या. "तुलाच दिलं."

रत्नागिरीच्या ताई ताडकन उठल्या. "आक्का! आम्हाला नाही देऊ दिलंत, आणि तुम्ही दिलंत? चार दिवस आमच्या घशाखाली घास उतरला नाही, आणि तुम्ही..."

"तुमी मला इचारलं, नगरशेवक कसा व्हईल. त्येचं उत्तर दिलं. भंडारा तुमी उचलला व्हता, मी न्हाई." आक्कांनी एकदा पदरानं तोंड पुसलं. "आत त्या मशीनपशी मला कोनच इचारनारं नव्हतं गं. मी येकलीच. आन म्होरं माज्या लेकाचं नाव. बोट दुसरीकडं जाईचना."

दत्ताभाऊच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. तो मोठ्यानं ओरडला, मी त्याला कधी ओरडलेलं ऐकलं नव्हतं. "मग मला का नाही सांगितलंस? आख्ख्या गावाला सांगितलंस! आधी मलाच सांगायचं ना, दत्ता, उभा राहू नको, तुला जमणार नाही म्हणून!"

"तू इचारलंस कवा?"

दत्ताभाऊ एक पाऊल मागं सरला.

"गाव मला कुकर इचारतंय, कापूस इचारतंय. ह्यो परभणी उश्या इचारतोय. आन तू येवडं तिकीट घेतलंस, माजा शब्द देवाम्होरं ठेवलास, आन मला येकदा तरी इचारलंस का रं, आई, करू का म्हनून?" आणि त्या रडायला लागल्या. आक्का रडू शकतात हे इतक्या वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं. बाया एकेक करून उठल्या आणि आवाज न करता जिन्यानं वर गेल्या.

नाशिक फाट्यावर कंपनीची बस यायची वेळ झाली होती. मी फाटकाबाहेर पडलो आणि कडी लावण्यासाठी वळलो. दत्ताभाऊ पायरीवर, आईच्या शेजारी बसला होता. खाली मान घालून त्यानं तिला काहीतरी विचारलं. काय ते मला ऐकू आलं नाही. आक्कांनी नाक पुसलं, त्याच्याकडे वळून बसल्या आणि बोलायला लागल्या. त्यांचा हात वरखाली होत होता. मी बस चुकवून बराच वेळ तिथं उभा होतो. त्या बोलतच होत्या आणि दत्ताभाऊ ऐकत होता.